गाडी पुढे घे

काठीचा आणखी एक दणका ट्रकच्या दारावर बसला, तेव्हा केबिनच्या खिडकीतून बाहेर आलेला पाय हलला. अनवाणी, सुजलेला पाय होता तो. घोट्यापाशी मोज्याचा खोल वळ उमटला होता. कुणीतरी चालत्या गाडीतून फेकलेल्या कचऱ्याकडे पाहावं, तसं फौजदारांनी त्या पायाकडे पाहिलं.

"उतर खाली. झोपा काढायला रस्ता बांधलाय का?"

फौजदार काही पोलीस नव्हते. द्रुतगती मार्गाची देखभाल ज्या कंपनीकडे होती, तिच्या गस्तीच्या गाडीवर ते कामाला होते. पिवळी गाडी, टपावर फिरता दिवा, मागे प्लास्टिकच्या शंकूंची चळत आणि सीटजवळ काठी. काठी कंपनीची नव्हती; ती त्यांनी घरून आणली होती. मिशा आणि आवाज पाहून ट्रकवाल्यांनी त्यांना टिंगलीने फौजदार म्हणायला सुरुवात केली. ती टिंगल त्यांना कळली नाही, की कळूनही आवडली, कोण जाणे. पण हळूहळू घरचे सोडून सगळे त्यांना तेच म्हणू लागले आणि ते त्या नावाला मान वर करून ओ देऊ लागले.

कडेच्या पट्टीवर कुणाला उभं राहू द्यायचं नाही, हे त्यांचं काम. बंद पडलेल्या गाडीला मदत करायची आणि झोपलेल्याला उठवायचं. मदतीत त्यांना फारसा रस नव्हता. कारवाले त्यांच्या दृष्टीने टायर बदलता न येणारी लाडावलेली पोरं होती. कंपनीचे इंजिनिअर म्हणजे बुटाला धूळ लागू नये म्हणून गाडीतूनच रस्ता तपासणारे. पण सगळ्यात जास्त तिटकारा त्यांना होता तो पेंगणाऱ्या ड्रायव्हरांचा. स्वतः त्यांनी उमेदीची सगळी वर्षं ट्रकवर काढली होती आणि गाडीला कधी ओरखडा येऊ दिला नव्हता. झोप ही त्यांच्या मते आळशांना होणारी एक बाधा होती. ज्याला ती आवरत नाही, त्याने भाजी विकावी, स्टेअरिंगला हात लावू नये.

ड्रायव्हर खाली उतरला. दाढीचे पांढरे खुंट वाढलेला, साठीला टेकलेला माणूस. उतरताना त्याने दाराचा आधार घेतला आणि उतरल्यावरही तो सोडला नाही.

"अर्धा तास द्या साहेब. डोळे मिटतायत नुसते."

"अर्ध्या तासाने कोण येऊन तुला उठवणार? मीच ना?"

यावर ड्रायव्हरने मान वर करून पाहिलं. ट्रक बरोबर कंपनीच्या भल्यामोठ्या फलकाखाली उभा होता. फलकावर एक गोरंगोमटं कुटुंब दात काढून हसत होतं आणि खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'झोप येतेय? थांबा. घरी कुणीतरी वाट पाहतंय.'

"वाचता येतं वाटतं तुला," फौजदार म्हणाले.

"येतं साहेब. म्हणून तर थांबलो."

फौजदारांना राग आला. उत्तर उद्धट नव्हतं, हेच त्यांना सहन झालं नाही. ते फलक कारवाल्यांसाठी आहेत असं त्यांनी त्याला सुनावलं, आणि एवढीच झोप येत होती तर मागे विश्रांतीस्थान होतं तिथे का मेला नाहीस, असंही विचारलं. ड्रायव्हर म्हणाला की तो तिथे गेला होता, पण दारावरच्या रखवालदाराने गाडी आत येऊ दिली नाही.

हे फौजदारांनाही पक्कं ठाऊक होतं. ते विश्रांतीस्थान म्हणजे काचेची इमारत, समोर हिरवळ आणि आत लोखंडाच्या खुर्च्यांवर बसून महागडी कॉफी पिणारे लोक. दाराशीच पाटी होती, 'जड वाहनांना प्रवेश नाही'. हिरवळीला पाणी द्यायला तिथे दोन माणसं होती, पण ट्रकवाल्याला तोंडावर पाणी मारायला नळ नव्हता. रस्त्याच्या मूळ नकाशात ट्रकसाठीही मोठी जागा दाखवली होती म्हणतात. त्या जागेवर आता कंपनीच्या मोठ्या साहेबांच्या मेव्हण्याचं गाड्या विकायचं दुकान उभं होतं. या सगळ्याबद्दल फौजदार चारचौघांत वाटेल ते बोलत. पण समोर एखादा पेंगुळलेला ड्रायव्हर आला की मेव्हण्यावरचा सगळा राग ते त्याच्यावर काढत. तो हाताशी असे, मेव्हणा नसे.

"मग मी काय करू? तुझ्यासाठी पलंग टाकू? गाडी पुढे घे."

ड्रायव्हरने बाटलीतलं पाणी डोळ्यांवर मारलं. दोन्ही हातांनी स्वतःच्या गालांवर चापट्या मारल्या, एखाद्या लहान मुलाला मारावं तशा. मग वर चढला.

फौजदार काही अंतर त्याच्या मागून गेले. हा त्यांच्या आवडीचा भाग होता; उठवलेलं जनावर नीट चालतंय ना हे पाहणं. ट्रक सरळ चालला होता. एकदा त्याची मागची चाकं पांढऱ्या रेषेवर गेली आणि परत आत आली. फौजदारांनी हॉर्न दिला. ट्रकने पुढून हात दाखवला. पुढे त्यांची हद्द संपत होती, तिथल्या वळणावरून ते मागे फिरले आणि चहा प्यायला टोलनाक्यावर गेले.

चहा संपायच्या आतच वायरलेसवर खबर आली.

उताराच्या पुढे रस्त्यावरचे पट्टे रंगवण्याचं काम चाललं होतं. तिथे एक टेम्पो, पिवळी जॅकेटं घातलेली चार-पाच माणसं आणि त्यांच्या मागे शंकूंची ओळ होती. ट्रक त्या शंकूंवरून तसाच आत घुसला होता. ब्रेकची खूणसुद्धा रस्त्यावर नव्हती. टेम्पो आडवा झाला होता. पांढऱ्या रंगाचा डबा फुटून रंग उतारावरून खाली वाहत गेला होता आणि त्यातून लोकांच्या बुटांचे ठसे चोहीकडे उमटले होते.

रस्त्याचे पट्टे रंगवणारा पट्टीवाला टेम्पोच्या पुढे पडला होता. त्याच्यावर कुणीतरी जॅकेट टाकलं होतं. फौजदार त्याला रोज पाहत. गस्तीची गाडी जवळून गेली की तो कुंचला कपाळाला लावून सलाम ठोके, आणि फौजदार मान फिरवत. या माणसाच्या रेषा वाकड्या असतात, असं त्यांनी एकदा त्याच्या मुकादमाला सांगितलं होतं. तसं काही नव्हतं. सलाम ठोकताना तो हसतो, हे त्यांना खटकायचं.

ड्रायव्हर रस्त्याकडेच्या लोखंडी कठड्याला टेकून खाली बसला होता. त्याला कपाळावर खरचटलं होतं, बाकी काही नाही. लोकांनी त्याला मारलं होतं की अजून मारायचं होतं, कळत नव्हतं. दोन पोलीस मध्ये उभे होते. फौजदार जवळ गेले, तेव्हा त्याने मान वर केली आणि त्यांना ओळखलं. त्याच्या चेहऱ्यावर ना राग होता ना रडू.

"साहेब," तो म्हणाला, "आता झोपू का?"

पोलिसांनी त्याला गाडीच्या मागच्या सीटवर बसवलं. दार लागायच्या आधीच त्याची मान छातीवर पडली. बाहेर लोक आरडाओरडा करत होते, काचेवर हात आपटत होते. तो घोरत होता.

घरी आल्यावर फौजदारांनी जेवताना सगळी हकिगत सांगितली. सांगताना त्यांचा आवाज नेहमीपेक्षा चढा होता. त्यांच्या मुलीचं बिऱ्हाड वरच्याच खोलीत होतं आणि जावई त्या दिवशी जेवायला खाली होता. जावई दुधाचा टँकर चालवायचा. फौजदारांच्या मनात जेवढा तिटकारा होता, त्यातला घसघशीत वाटा या जावयाच्या नावावर होता. कारण जावई झोप आली की थांबत असे. मालक ओरडो, दूध नासो, तो टँकर बाजूला घ्यायचा आणि डोळे मिटायचा. यापायी त्याच्या दोन नोकऱ्या गेल्या होत्या. फौजदार त्याला जावईबापू म्हणत, पण ते अशा सुरात की ऐकणाऱ्याने हसावं.

"एक माणूस गेला," फौजदार म्हणाले. "कशापायी? तर एका म्हाताऱ्याला डुलकी आवरेना. बघा जावईबापू. तुमच्यासारखेच सगळे."

जावई ताटात पाहत होता. तो कमी बोलणारा माणूस होता आणि सासऱ्यासमोर तर जवळजवळ बोलतच नसे.

"तुम्ही त्याला कुठे थांबायला सांगितलं, मामा?"

"मी कशाला थांबायला सांगू? पुढे घे म्हणालो."

"पुढे कुठे?"

फौजदारांनी तोंड उघडलं. पुढे उतार होता. उतारानंतर पूल, पुलानंतर बोगदा, आणि बोगद्यानंतर रस्ता दोन्ही बाजूंनी कठड्यांनी बंद केलेला. हा सगळा रस्ता त्यांना पाठ होता. त्यात ट्रक उभा करता येईल अशी एक जागा त्यांनी मनातल्या मनात शोधून पाहिली. मग पाण्याचा पेला उचलला.

"जिथे असेल तिथे," ते म्हणाले.

जावयाने पुढचा घास घेतला. बोलली ती फौजदारांची बायको. आयुष्यभर नवऱ्याच्या बढाया ऐकून ती कंटाळली होती, पण आज तिच्या आवाजात कंटाळा नव्हता. ती म्हणाली, "अहो, मुलगी झाली तेव्हा तुम्ही दवाखान्यात आलात. कुठून आलात, कसे आलात, काही आठवत नाही म्हणालात. मधला सगळा घाट गाडीने आपला आपणच उतरला म्हणून सगळ्यांना हसत हसत सांगत होतात."

"मग? लागला का कुणाला धक्का?"

"नाही लागला," ती म्हणाली. "त्या दिवशी घाटात पट्टे रंगवायला कुणी नव्हतं."

फौजदार ताटावरून उठले. ताटात अन्न टाकणाऱ्यांनाही ते तुच्छ लेखत, पण त्या दिवशी त्यांचं ताट तसंच राहिलं.

दोन दिवसांनी मॅनेजरने त्यांना कचेरीत बोलावलं. मॅनेजर त्यांच्या मुलाच्या वयाचा होता, फौजदारांना काका म्हणायचा आणि बोलताना समोरच्याच्या खांद्यावर हात ठेवायचा. फौजदारांना हा हात एखाद्या ओल्या फडक्यासारखा वाटे. मॅनेजर खूश होता. काकांनी नियमाप्रमाणे गाडी हलवली, त्यामुळे कंपनीवर बोट ठेवायला जागाच उरली नाही, असं तो म्हणाला. पुढच्या महिन्यातल्या सुरक्षा सप्ताहात काकांचा सत्कार करायचं वरून ठरलं होतं. फक्त पोलिसांत जबाब देताना काकांनी एवढंच म्हणायचं होतं की ड्रायव्हरला त्यांनी विश्रांतीस्थानात जायचा सल्ला दिला, आणि त्याने तो ऐकला नाही.

"तिथे ट्रक घेत नाहीत," फौजदार म्हणाले.

मॅनेजर हसला. "काका, तुमच्यासारख्या अनुभवी माणसाला मी आणखी काय समजवायचं?"

फौजदार बाहेर आले, तेव्हा कचेरीच्या व्हरांड्यात एक बाई बाकावर बसली होती. तिच्या मांडीवर प्लास्टिकची पिशवी होती आणि पिशवीतून पिवळ्या जॅकेटची बाही बाहेर आली होती. ती पट्टीवाल्याची बायको होती. सकाळपासून कुणी ना कुणी तिला बसायला सांगत होतं आणि ती बसत होती. फौजदारांचा गणवेश पाहून ती उठून उभी राहिली.

ती फार हळू बोलली. तो ट्रकवाला झोपला होता म्हणतात, हे खरं का, असं तिने विचारलं. फौजदार हो म्हणाले.

"एवढी झोप येत होती तर तो थांबला का नाही?" ती म्हणाली. "एवढा मोठा रस्ता. बाजूला घेऊन थांबायचं ना. थांबला असता तर काय बिघडलं असतं?"

फौजदारांजवळ या प्रश्नाचं उत्तर तयार होतं. ड्रायव्हर लोक असेच असतात, माजलेले, बेफिकीर. तेच त्यांनी आजवर हजारदा सांगितलं होतं आणि बाईला तेच ऐकायचं होतं. ते ऐकून तिला थोडं बरंही वाटलं असतं. ते तिच्या हातातल्या पिशवीकडे पाहत राहिले.

"थांबला होता," ते म्हणाले.

बाईला ते नीट समजलं नाही. तिने पुन्हा विचारलं.

"थांबला होता तो. मी उठवला."

ती त्यांच्याकडे पाहत राहिली. शिव्या देईल, अंगावर येईल असं त्यांना वाटलं. तसं झालं असतं तर बरं, असंही वाटलं. पण ती खाली बसली, बाही आत सारली आणि पिशवीचं तोंड मुठीत आवळून धरलं. तेवढ्यात आतून तिचं नाव पुकारलं गेलं आणि ती गेली.

फौजदार तिथून थेट पोलीस ठाण्यात गेले. त्यांना एकदम न्यायाची चाड निर्माण झाली, असं कुणी समजू नये. त्या बाईचा चेहरा त्यांच्या डोळ्यांपुढून हलत नव्हता हे खरं, पण खांद्यावरचं ते ओलं फडकंही हलत नव्हतं. आपल्याकडून खोटं वदवून घेता येईल असं त्या पोराला वाटलं, हा अपमान त्यांना जास्त झोंबला होता. जबाब घेणारा हवालदार जांभया देत होता. फौजदारांनी त्याच्याकडेही तिरस्काराने पाहिलं आणि म्हणाले की ड्रायव्हर फलकाखाली थांबून झोपला होता, त्याने अर्धा तास मागितला होता, त्यांनी तो दिला नाही. पुढे थांबायला जागा नाही, हे त्यांना माहीत होतं. गाडी रेषेवर जाताना त्यांनी पाहिली होती. तरीही ते मागे फिरले.

"हे सगळं लिहू?" हवालदाराने विचारलं. "तुमच्याच अंगाशी येईल."

"लिहा. आणि नीट लिहा. तुमचं अक्षर घाणेरडं आहे."

अंगाशी आलंच. पण त्यातून दुसरं काही साधलं, असंही नाही. ड्रायव्हर शेवटी तुरुंगात गेला, कारण गाडी तो चालवत होता. कंपनीच्या वकिलाने सांगितलं की एका वयस्कर कर्मचाऱ्याच्या मनाचा तोल ढळला आहे. सुरक्षा सप्ताह ठरल्याप्रमाणे पार पडला. मोठे साहेब आले, फुगे सोडले गेले, आणि रस्त्यावर आणखी थोडे फलक लागले. त्यांवरचं कुटुंब आधीच्यापेक्षाही जास्त हसत होतं. गस्तीच्या गाडीवर नवा माणूस आला. त्याला लाउडस्पीकर दिला होता, त्यामुळे झोपलेल्यांना उठवायला त्याला खाली उतरायचीसुद्धा गरज नव्हती. विश्रांतीस्थानातली हिरवळ वाढवून घेतली.

फौजदारांना नोकरीवरून काढलं, ते निरोपाचा चहाही न देता. ड्रायव्हर लोकांपैकी कुणाला त्यांच्या जबाबाविषयी काही कळलं नाही. ज्यांना ते नोकरीवरून गेल्याचं कळलं, त्यांनी पीडा टळली असंच म्हटलं असेल, आणि त्यात त्यांची काही चूक नव्हती. एकदा ते तुरुंगात त्या म्हाताऱ्याला भेटायला गेले. बाकांवर समोरासमोर बसले. झोप लागते का, एवढंच फौजदारांनी विचारलं. म्हातारा म्हणाला, आता नाही लागत.

आता ते दिवसभर घरी असतात. माणूस घरी बसला की मवाळ होतो म्हणतात. फौजदार झाले नाहीत. वर्तमानपत्र वाचताना ते छापणाऱ्यांना शिव्या देतात. शेजारी गाडी उलटी घेताना खिडकीतून त्याची अक्कल काढतात. जावयाला अजूनही जावईबापूच म्हणतात, त्याच सुरात.

परवा जावई रात्रपाळी करून सकाळी उशिरा आला आणि वर जाण्याचंही त्राण नसल्यामुळे खालच्या खोलीतच, खिडकीखालच्या पलंगावर आडवा झाला. बूटसुद्धा काढले नव्हते. मुलगी ते काढायला वाकली, तर फौजदारांनी हातानेच तिला थांबवलं. मग खुर्ची उचलून दारात नेऊन ठेवली आणि वर्तमानपत्र घेऊन बसले. पान उलटताना कागद वाजू लागला, तेव्हा त्यांनी ते घडी करून मांडीवर ठेवलं.

थोड्या वेळाने गल्लीच्या तोंडाशी जुन्या मिक्सर-पंख्यांचा दुरुस्तीवाला आला. हातगाडीवर भोंगा, त्यातून तेच ते वाक्य ठणाणा करत होतं. फौजदार उठले. गुडघे दुखत असल्याने हल्ली ते सावकाश चालतात. ते कोपऱ्यापर्यंत गेले, दुरुस्तीवाल्यापाशी उभे राहिले आणि काहीतरी बोलले. मुलगी दारातून पाहत होती. शब्द तिला ऐकू आले नाहीत. दुरुस्तीवाल्याने एकदा त्यांच्या घराच्या खिडकीकडे पाहिलं, भोंगा बंद केला आणि गाडी हातांनी थोडी उचलून धरत, चाकांचा आवाज होऊ न देता, त्यांच्या दारावरून पुढे गेला.

ते परत आल्यावर मुलीने हळूच विचारलं, "काय सांगितलंत बाबा त्याला?"

"काही नाही," खुर्चीत बसत ते म्हणाले. "आवाज भिकार आहे त्याचा."